मांजराला पासपोर्ट कोण देतं?

छोट्या दोस्तांनो, मांजरी आपल्या पिल्लांना सात घरं फिरवते, असं आजी सांगते ना? पिल्लाला मानेच्या कातड्याला अलगद धरून ती या माळ्यावरून त्या माळ्यावर, या गोठ्यातून त्या अडगळीत नेते. का बरं? कुठं धोका वाटला, की बदल जागा! पण ही सातही घरं बहुतेक एकाच गल्लीत असतात. एखाद्या मांजराला थेट दुसऱ्या देशात राहायला जायचं असेल तर?

हसू नका! असं खरंच घडतं. ग्रीस, स्पेन, रुमानिया, तुर्कस्तान अशा देशांत रस्त्यावर राहणारी किती तरी मांजरं आज जर्मनी, नेदरलँड्स, इंग्लंड अशा देशांतल्या घरांत दत्तक जातात. त्या देशांत आपली मराठी कुटुंबंही राहतात, आणि त्यांच्याही घरी अशा पाहुण्या येतात.

खरं तर मांजरांचा परदेश प्रवास फार फार जुना आहे. भूमध्य समुद्रात सायप्रस नावाचं बेट आहे. तिथं सुमारे साडेनऊ हजार वर्षांपूर्वी पुरलेल्या एका माणसाचा सांगाडा सापडला. त्याच्यापासून जेमतेम हातभर अंतरावर एक मांजरही पुरलेलं होतं. २००४ साली फ्रेंच संशोधकांनी हा शोध जाहीर केला. गंमत अशी, की सायप्रस बेटावर मुळात मांजरं नव्हतीच. म्हणजे कुणीतरी त्यांना होडीत घालून समुद्र ओलांडून आणलं होतं!

त्या होडीवाल्याला कुणी कागद विचारले नसतील. आज मात्र मांजराला देश बदलायचा तर दोन गोष्टी लागतात. एक म्हणजे कागद आणि दुसरी म्हणजे धीर. दोन्ही गोष्टींत घाई करून चालत नाही. का चालत नाही, ते समजायला आधी एका बोक्याची गोष्ट ऐका.

खलाशांचा सायमन

१९४८ सालचा मार्च महिना. हाँगकाँगच्या गोदीत जॉर्ज हिकिनबॉटम नावाचा सतरा वर्षांचा इंग्रज खलाशी फिरत होता. तिथं त्याला एक काळंपांढरं, भुकेलं, भटकं मांजर दिसलं. त्यानं ते गुपचूप आपल्या बोटीवर नेलं. बोटीचं नाव होतं 'अ‍ॅमेथिस्ट'. ही ब्रिटिश आरमाराची युद्धनौका होती. मांजराचं नाव ठेवलं सायमन. उंदीर पकडण्यात पठ्ठ्या एवढा पटाईत, की कप्तानसाहेबही खूश झाले. सायमन चक्क कप्तानाच्या टोपीत मुटकुळं करून झोपायचा!

पुढच्या वर्षी, एप्रिल १९४९ मध्ये, 'अ‍ॅमेथिस्ट' चीनमधल्या यांगत्से नदीतून जात होती. त्या वेळी चीनमध्ये यादवी युद्ध चाललं होतं. काठावरून तोफा सुटल्या. बरेच खलाशी मरण पावले, कप्तानही मरण पावले. सायमनला लोखंडाचे तुकडे लागले, मिशा जळाल्या. रात्र काढेल की नाही, अशी त्याची अवस्था होती. पण तो वाचला! बोट तीन महिन्यांहून जास्त काळ नदीत अडकून पडली होती. अन्न संपत आलं होतं आणि उंदीर कोठारावर तुटून पडत होते. सायमन लंगडत लंगडत कामाला लागला. तो उंदीर मारायचा आणि जखमी खलाशांच्या उशाशी जाऊन बसायचा.

जुलै संपता संपता 'अ‍ॅमेथिस्ट' रात्रीच्या अंधारात निसटली. सायमनचं नाव जगभर झालं. त्याला इतकी पत्रं येऊ लागली, की उत्तरं द्यायला बोटीवरच्या एका अधिकाऱ्याला 'मांजर अधिकारी' म्हणून नेमावं लागलं! प्राण्यांना शौर्यासाठी देतात ते डिकिन पदकही त्याला जाहीर झालं. हे पदक मिळालेलं सायमन हे आजवरचं एकमेव मांजर आहे.

१ नोव्हेंबर १९४९ रोजी बोट इंग्लंडला पोचली. बंदरावर केवढा जल्लोष झाला! पण सायमनला घरी नेता येईना. परदेशातून आलेल्या कुत्र्या-मांजरांनी सहा महिने वेगळं राहायचं, असा तिथला कायदा होता. मग तो कितीही मोठा वीर असो! त्याला सरे भागातल्या एका केंद्रात ठेवलं. खलाशी त्याला भेटायला जात. पण तिथं तो आजारी पडला आणि २८ नोव्हेंबरला मरण पावला. सहा महिन्यांपैकी एक महिनाही पुरा झाला नव्हता. पदक हातात द्यायचा समारंभ डिसेंबरात व्हायचा होता.

ही गोष्ट मी आमच्या चौथीच्या वर्गात सांगितली, तेव्हा वर्ग एकदम गप्प झाला. मग मागच्या बाकावरून प्रश्न आला, "बाई, पण सायमननं गुन्हा काय केला होता?"

गुन्हा कुणाचाच नव्हता

सायमननं काहीच गुन्हा केला नव्हता. कायदा करणारेही दुष्ट नव्हते. भीती होती ती रेबीजची. पिसाळलेला कुत्रा चावला की होतो, तोच हा रोग. तो मांजरालाही होतो आणि मांजराकडून माणसालाही होऊ शकतो. लक्षणं दिसू लागल्यावर रोगी वाचणं जवळजवळ अशक्य असतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे ५९ हजार माणसं रेबीजनं दगावतात.

या रोगाची खोड अशी, की तो लपून राहतो. चावा आज झाला, तर लक्षणं बहुतेक वेळा दोन-तीन महिन्यांनी दिसतात. कधी आठवड्यात, तर कधी वर्षानंही. तोवर प्राणी अगदी ठणठणीत दिसतो. इंग्लंडनं आपल्या बेटावरून रेबीज हटवला होता. तो बोटीतून परत येऊ नये, म्हणून सहा महिने वाट पाहायची. एवढ्या काळात रोग असेल तर बाहेर पडेलच, असा हिशोब! २०२० साली करोनाच्या काळात आपण 'क्वारंटाइन' हा शब्द ऐकला. हेही तसंच.

मग हा नियम मऊ कसा झाला? लशीमुळे! लुई पाश्चर या फ्रेंच शास्त्रज्ञानं १८८५ साली एका नऊ वर्षांच्या मुलाला रेबीजची पहिली लस टोचली, हे तुम्ही पुढं विज्ञानात शिकाल. प्राण्यांच्या लशी पुढं खूप सुधारल्या. प्राण्याची नक्की ओळख पटवायची सोयही निघाली. मग २००० सालापासून इंग्लंडनं आधी काही देशांतून आलेल्या प्राण्यांसाठी ती सहा महिन्यांची कैद सोडून दिली. पण त्यासाठी लस टोचलेली हवी आणि कागद चोख हवेत! ऑस्ट्रेलियात तर अजूनही मोजके अपवाद सोडून बाहेरून येणाऱ्या प्रत्येक मांजराला मेलबर्नजवळच्या सरकारी केंद्रात निदान दहा दिवस राहावं लागतं.

सायकलवरची नाला

आता दुसरी गोष्ट, सायमननंतर बरोबर सत्तर वर्षांनी घडलेली. डीन निकोल्सन नावाचा स्कॉटलंडचा तरुण २०१८ साली सायकलवरून जग पाहायला निघाला. डिसेंबरात तो बोस्निया देशातल्या डोंगराळ रस्त्यानं चालला होता. मागून आवाज आला, म्यांव, म्यांव! वळून पाहतो तर एक इवलंसं करडं पिल्लू त्याच्या सायकलमागे जिवाच्या आकांतानं धावतंय. आजूबाजूला ना घर, ना माणूस. डीननं त्याला पुढच्या पिशवीत ठेवलं. पिल्लू पिशवीतून निघून सरळ त्याच्या खांद्यावर जाऊन बसलं! त्यानं तिचं नाव ठेवलं नाला.

पुढची सीमा जवळ होती आणि नालाचे काहीच कागद नव्हते. डीननं तिला लपवून पलीकडच्या मॉन्टेनेग्रो देशात नेलं. हे त्यानं स्वतःच आपल्या पुस्तकात लिहिलं आहे. पण दोस्तांनो, ते करण्यासारखं नव्हे बरं का! नालाला रोग नव्हता, हे तिचं नशीब. मात्र डीन लगेच तिला प्राण्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेला. तिला तपासलं, मायक्रोचिप बसवली, लशी टोचल्या आणि मग तिला तिचा स्वतःचा पासपोर्ट मिळाला. पुढं ती त्याच्याबरोबर ग्रीस, तुर्कस्तान असे कितीतरी देश राजरोस फिरली.

असा असतो पासपोर्ट

युरोपियन युनियनच्या देशांत कुत्र्या-मांजरांना छोटा निळा पासपोर्ट मिळतो. तो द्यायचा अधिकार असतो प्राण्यांच्या मान्यताप्राप्त डॉक्टरांना. बाहेरच्या देशातून येणाऱ्या प्राण्याला त्याऐवजी सरकारी डॉक्टरांच्या सहीचा आरोग्याचा दाखला लागतो. दोन्हींसाठी पायऱ्या साधारण अशा आहेत:

पहिली पायरी मायक्रोचिप. तांदळाच्या दाण्याएवढी ही चिप जाड सुईनं मानेजवळ कातडीखाली बसवतात. तिच्यात पंधरा आकडी नंबर असतो. यंत्र जवळ धरलं की नंबर दिसतो. दोन करडी मांजरं सारखी दिसतील, पण नंबर कधी सारखा नसतो.

दुसरी पायरी रेबीजची लस. ती चिप बसवल्यानंतरच टोचायची, म्हणजे लस नेमकी कुणाला टोचली हे पक्कं होतं. आणि पिल्लू निदान बारा आठवड्यांचं हवं.

तिसरी पायरी वाट पाहणं! लस टोचल्यावर शरीराला तयारी करायला वेळ लागतो. म्हणून २१ दिवस थांबायचं.

चला, एक गणित करू. बारा आठवडे म्हणजे ८४ दिवस. त्यात २१ मिळवले की झाले १०५ दिवस, म्हणजे १५ आठवडे. त्याआधी पिल्लाला प्रवास नाही.

तुर्कस्तान किंवा आपला भारत अशा देशांतून युरोपात जाणाऱ्या मांजराला आणखी एक परीक्षा द्यावी लागते. लस टोचल्यावर निदान ३० दिवसांनी रक्त तपासतात. लशीचा परिणाम पुरेसा दिसला, की रक्त घेतल्याच्या दिवसापासून तीन महिने थांबायचं. आता पुन्हा गणित करा. ८४ अधिक ३० अधिक ९०, किती झाले? २०४ दिवस! जवळजवळ पावणेसात महिने.

म्हणून कुणी म्हणालं, "पैसे भरा, पुढच्या आठवड्यात परदेशातून मांजराचं पिल्लू आणून देतो," तर समजावं, की इथं काहीतरी काळंबेरं आहे.

आणावं, की राहू द्यावं?

भटकं मांजर दिसलं, की आपल्याला त्याची दया येते. पण प्रत्येक भटकं मांजर बिचारं असतं का? तुर्कस्तानातलं इस्तंबूल शहर पाहा. तिथल्या गल्लीगल्लीत मांजरं आहेत आणि ती साऱ्या गल्लीची असतात. दुकानदार दाराशी पाण्याची वाटी ठेवतात, लोक खाऊ घालतात, थंडीत खोकी मांडतात. भटक्या मांजरांना पकडून त्यांची नसबंदी करायची, लस टोचायची आणि पुन्हा त्यांच्याच जागी सोडायचं, अशी पद्धत तिथं आहे. २००४ सालच्या कायद्यानं तिला आधार दिला.

याच शहरात टोंबिली नावाची एक गुबगुबीत मांजरी होती. फुटपाथच्या पायरीवर एक हात टेकून ती अशी ऐटीत बसायची, जणू पाटीलच चावडीवर बसलेत! तिचा तो फोटो जगभर गाजला. ती २०१६ च्या ऑगस्टमध्ये गेली. ऑक्टोबरात लोकांनी तिच्या आवडत्या पायरीवर, तशाच ऐटीत बसलेला तिचा पुतळा उभारला.

आता सांगा, टोंबिलीला कुणी दया येऊन दूरच्या देशातल्या चौथ्या मजल्यावरच्या बंद घरात नेलं असतं, तर ती सुखी झाली असती का? तिचं घर होतंच की! तिला फक्त भिंती नव्हत्या.

मांजराचं पिल्लू जन्मल्यावर साधारण दुसऱ्या ते सातव्या आठवड्यात माणसाचा हात ओळखायला शिकतं. त्या वयात माणूस भेटलाच नाही, तर मोठेपणी माणसाची भीती सहसा जात नाही. अशा रानवट मांजराला घरात कोंडणं ही दया नव्हे. त्याला तिथंच खाणं, औषध, लस आणि नसबंदी मिळाली की ते खूश. दत्तक जावीत ती दुसरी मांजरं. म्हणजे आई नसलेली पिल्लं, आंधळी किंवा अधू झालेली, एकेकाळी घरात वाढलेली आणि कुणी टाकून दिलेली, माणसाच्या पायाशी आपण होऊन येणारी.

पहिले पाहुणे, मग घरचे

समजा, कागद झाले, प्रवास झाला आणि पेटी घरात आली. झालं का काम? छे! खरं काम इथूनच सुरू होतं.

आमच्या शाळेतल्या एका मुलीची मावशी जर्मनीत राहते. तिनं ग्रीसमधून आलेली एक मांजरी दत्तक घेतली. तिच्या पत्रातला एक भाग त्या मुलीनं वर्गात वाचून दाखवला. मावशीनं लिहिलं होतं, "चार दिवस झाले, मला फक्त तिची शेपटी दिसली आहे. ती कपाटामागे बसते. मी रोज संध्याकाळी जमिनीवर बसून मोठ्यानं पुस्तक वाचते. पुस्तक मराठी आहे, पण तिची तक्रार नाही!"

मावशीनं अगदी योग्य केलं. का ते पाहू या. माणूस घर डोळ्यांनी ओळखतो, मांजर नाकानं. नव्या घरात मांजराच्या ओळखीचा एकही वास नसतो. जमीन परकी, आवाज परके, माणसं परकी. आपल्याला मध्यरात्री अनोळखी गावात एकटंच उतरवलं तर जसं वाटेल, तसं त्याला वाटतं. म्हणून ते लपतं. लपणं हा रुसवा नव्हे आणि कृतघ्नपणा तर नव्हेच. तो त्याचा धीर गोळा करण्याचा मार्ग आहे.

नेदरलँड्समधल्या संशोधकांनी निवाऱ्यात नव्यानं आलेल्या १९ मांजरांवर एक साधा प्रयोग केला. काही मांजरांना लपायला खोकं दिलं, काहींना दिलं नाही. पहिल्या काही दिवसांत खोकं मिळालेल्या मांजरांवरचा ताण कितीतरी लवकर उतरला. २०१४ साली हे प्रसिद्ध झालं. म्हणजे पाहुण्यासाठी सर्वांत चांगली भेट कोणती? किराणा दुकानातलं रिकामं खोकं!

तेव्हा घरी नवं मांजर येणार असेल, मग ते ग्रीसहून येवो नाही तर शेजारच्या वाड्यातून, या गोष्टी करा:

१. एकच खोली द्या. सगळं घर एकदम दाखवू नका. त्या खोलीत एका बाजूला खाणं, त्यापासून जरा लांब पाणी आणि पलीकडच्या कोपऱ्यात शी-शूसाठी वाळूचा ट्रे ठेवा. जेवणाशेजारी संडास आपल्याला तरी आवडेल का? ज्या पेटीतून ते आलं, ती पेटी उघडी करून तिथंच राहू द्या. तिला त्याचा स्वतःचा वास असतो.

२. ओढून बाहेर काढू नका. खाटेखाली हात घालायचा नाही. आपण जमिनीवर बसायचं, हळू बोलायचं. त्याला यायचं तेव्हा ते येईल. आलं तर आधी बोट पुढं करून वास घेऊ द्या.

३. रोखून पाहू नका. मांजरांच्या जगात टक लावून पाहणं म्हणजे भांडणाचं आव्हान. त्याऐवजी डोळे अर्धे मिटा, हळूच बंद करा आणि हळूच उघडा. इंग्लंडमधल्या संशोधकांनी २०२० साली दाखवून दिलं, की माणसानं असे डोळे मिचकावले तर मांजरंही तसंच उत्तर देतात आणि अनोळखी माणसाजवळही जास्त सहज येतात. करून पाहा!

४. खाण्यावर लक्ष ठेवा. आधी जे खात होतं तेच सुरुवातीला द्या, मग हळूहळू बदला. आणि हो, गोष्टीतलं मांजर डोळे मिटून दूध पितं, पण मोठ्या झालेल्या बऱ्याच मांजरांना गाईचं-म्हशीचं दूध पचत नाही, पोट बिघडतं. स्वच्छ पाणीच बरं. पूर्ण दिवसभर काहीच खाल्लं नाही, तर मोठ्यांना सांगून डॉक्टरांना विचारा. मांजराला उपास सोसत नाही. दोन-तीन दिवसांच्या उपासानंही त्याचं यकृत बिघडू शकतं.

५. दारं-खिडक्या सांभाळा. नवं मांजर घाबरून पळालं, तर त्याला परतीची वाट माहीत नसते. निदान तीन-चार आठवडे ते घरातच राहू द्या. वरच्या मजल्यावर राहत असाल, तर खिडक्यांना जाळी हवीच.

६. घरात आधीचं मांजर असेल, तर दोघांची गाठ लगेच घालू नका. साधारण दोन आठवडे वेगळं ठेवा आणि डॉक्टरांकडून तपासून घ्या. आधी एकाचं अंथरूण दुसऱ्याच्या खोलीत ठेवा. वासाची ओळख आधी, तोंडओळख नंतर.

त्याला मराठी कळेल का?

हा प्रश्नही आमच्या वर्गातलाच! ग्रीसच्या रस्त्यावर वाढलेल्या मांजराला "ये गं मने" कसं कळणार?

जपानमधल्या संशोधकांनी २०१९ साली दाखवलं, की पाळीव मांजरं आपलं नाव इतर शब्दांपासून वेगळं ओळखतात. फ्रान्समध्ये २०२२ साली दिसलं, की आपलं माणूस आपल्याशी बोलतंय की दुसऱ्या कुणाशी, हे मांजराला आवाजाच्या ढंगावरून कळतं. अनोळखी माणसाच्या आवाजाला मात्र त्यांनी तशी दाद दिली नाही. तेव्हा भाषा ग्रीक असो की मराठी, एकच नाव, एकच आवाज आणि रोजची एकच वेळ हवी. "मने" म्हटलं की ताटली येते, हे तिला लवकरच पाठ होतं. पण आज मनी, उद्या किटी, परवा राणी असं केलंत, तर बिचारी गोंधळेल.

त्या मावशीचं पुढचं पत्र महिन्यानं आलं. मांजरी कपाटामागून निघून आधी दारापर्यंत आली, मग पलंगाच्या पायापर्यंत, आणि एके संध्याकाळी वाचता वाचता मावशीच्या पावलावर डोकं घासून निघून गेली. मावशी लिहिते, "मी पान उलटायचीही थांबले." मांजर गाल आणि डोकं घासतं, तेव्हा ते आपला वास आपल्याला लावत असतं. त्याच्या भाषेत त्याचा अर्थ असा, की ही माझ्या ओळखीची!

आई-बाबांसाठी दोन शब्द

पालकहो, मांजर सहज बारा-पंधरा वर्षं जगतं. चौथीतलं मूल हट्ट करतं आणि ते मूल नोकरीला लागेपर्यंत मांजर घरात असतं. म्हणून "वाढदिवसाची भेट" म्हणून मांजर आणू नये. घरातल्या सगळ्यांनी मिळून ठरवावं. सुट्टीत गावी गेल्यावर कोण बघणार, डॉक्टरांचा खर्च किती, आजीला दमा आहे का, हे आधीच बोलून घ्यावं.

परदेशात राहणाऱ्या आपल्या नातलगांनी तिथं मांजर दत्तक घेतलं आणि काही वर्षांनी भारतात परतायचं ठरलं, तर तयारी काही महिने आधी सुरू करायला सांगा. भारतात प्राणी आणण्यासाठी केंद्र सरकारच्या विलगीकरण केंद्राची परवानगी आधी घ्यावी लागते. असं एक केंद्र मुंबईत आहे. दत्तक देणारी संस्था चांगली आहे, हे कसं ओळखावं? ती घाई करत नाही. ती तुम्हालाच उलटे प्रश्न विचारते, तुमचं घर पाहते, मांजराच्या तपासण्यांचे कागद दाखवते आणि जमलं नाही तर मांजर परत घ्यायची तयारी ठेवते.

मुलांना आणखी एक गोष्ट नक्की शिकवा. कुठल्याही अनोळखी मांजरानं किंवा कुत्र्यानं चावलं, ओरबाडलं, तर रागावण्याच्या भीतीनं लपवायचं नाही. जखम लगेच वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवायची आणि ताबडतोब डॉक्टरांकडे जायचं. वेळेवर लस घेतली, तर रेबीज टळतो. घरी येऊन सांगणाऱ्या मुलाला रागावू नका, म्हणजे पुढच्या वेळीही ते सांगेल.

आता तुमचा अभ्यास!

परदेशातलं मांजर आपल्याकडे येईल तेव्हा येईल. पण तुमच्या वाड्यात, सोसायटीत, शाळेच्या मागच्या पडवीत एखादं मांजर नक्की असेल. एक छोटी वही घ्या. सात दिवस, रोज दहा मिनिटं, त्याला हात न लावता लांबून पाहा आणि लिहा. ते कुठं झोपतं? कुणाच्या दारात जातं? काय खातं? कुणाला घाबरतं, कुणाजवळ जातं? त्याचे कान, शेपटी, डोळे कधी कसे असतात? सातव्या दिवशी स्वतःच ठरवा, याला घर हवंय, की नुसती पाण्याची वाटी पुरे आहे?

आणि लिहून झालं, की लांबूनच एकदा सावकाश डोळे मिटून उघडा. समोरून उत्तर आलं, तर तारीख-वार घालून तेही वहीत टिपून ठेवा!